कोरडी चाकं

"पट्ट्यो मऊ, दोर नवो, हात माझो तयार... मगे बोटीक हे ओरखडे येतत खंयसून, दाजी?"

रोहिदास धुरतने प्रश्न विचारला खरा, पण उत्तर ऐकायला नव्हे. ह्या प्रश्नाला उत्तरच नाही, एवढं म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत होता.

दाजी मेथर उंडीच्या झाडाखाली फाटकं जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

ऐंशीच्या घरातला माणूस. हयातभर लाकडी होड्या बांधल्या. फायबरच्या बोटी आणि त्यांचे ट्रेलर धक्क्यावर आले, तोवर दाजींनी हत्यारं खाली ठेवली होती. तरी कुणाचं काही अडलं की लोक उंडीखाली यायचे. दाजी तीन प्रश्नांतल्या एकाला उत्तर देत, आणि तो एक कोणता ते स्वतःच ठरवत.

रोहिदास सहसा तिकडे फिरकत नसे. दुबईच्या एका मरीनात, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरात, सात वर्षं श्रीमंतांच्या बोटी पाण्यात सोडून आणि पाण्यातून काढून तो आला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त गावात उतरून दोन वर्षं झाली तरी त्याची दुबई उतरली नव्हती. 'आमच्या मरीनात' असं म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. गावानेही मग त्याला नाव ठेवलं होतं, उंटावरचा शहाणा.

आता त्याच्या ताब्यात एकच बोट होती, दवाखान्याची 'सातेरी'. खाडीच्या मध्यावर खारजुवा नावाचं पन्नासेक घरांचं बेट आहे. तिथला आजारी माणूस ह्याच बोटीतून अलीकडे येतो. सदा पाण्यात ठेवली तर बुडाला कालवं धरतात, म्हणून तिचा मुक्काम लोखंडी ट्रेलरवर. ट्रेलरवर दोन लांब लाकडी पट्ट्या, त्यांवर बोटीचं बूड टेकायचं. ट्रॅक्टरने ट्रेलर उतारावरून खाडीकडे ढकलायचा, बोट सोडायची, परत आली की तशीच वर घ्यायची.

रोहिदास ती तीन मिनिटांत वर घ्यायचा. दोर गुंडाळणारी विंच फिरवली, दोर ताणला, खर्र... की बोट पट्ट्यांवर. तो आवाज त्याला फार आवडायचा. काम झाल्यासारखं वाटायचं.

आणि दोन वर्षांत बोटीच्या बुडावर दोन्ही बाजूंना तीन-तीन लांब ओरखडे पडले होते. वरचा चकचकीत थर जाऊन आतला धागा दिसायला लागला होता.

"रेगे मॅडम चार वाजता येतत," रोहिदास म्हणाला.

रेगे मॅडम म्हणजे बोटी तपासून दाखला देणाऱ्या. पंधरा दिवसांपूर्वी 'सातेरी'चं बूड बघून त्यांनी कपाळाला हात लावला होता. म्हणाल्या, आधी हे भरून घ्या, मग माझ्यासमोर बोट पाण्यातून वर काढा; नवा ओरखडा दिसला तर दाखला विसरा. दाखला नाही म्हणजे बोट पावसाळाभर शेडमध्ये. आणि पावसात खारजुव्याला जोडणारा साकव पाण्याखाली जातो. बोट नाही तर रस्ता नाही.

त्याच खारजुव्याला रोहिदासची धाकटी बहीण कुंदा दिलेली होती. तिला सातवा लागला होता.

हे त्याने दाजींना सांगितलं नाही. दाजींना ते माहीत होतं.

"बूड भरलंस?" दाजींनी विचारलं.

"भरलंय. तोंड दिसता त्येच्यात. काल वीस माणसांनी हातार उचलून पाण्यात सोडली."

"आनि पट्ट्यो?"

"जुनो गालिचो दोन वर्षा आदीच फाटलो. म्हणान काथ्याची जाड चटई ठोकलंय. मऊ आनि मजबूत. आमच्या मरीनात..."

दाजींनी सुई जाळ्यात खोचली आणि ते उठले.

ओहोटी होती. उतारावर रिकामा ट्रेलर उभा होता. बोट चालवणारा मोतीराम सारंग तिथेच विडी ओढत बसला होता, आणि धक्क्यावर चार-पाच बायका मासे निवडत होत्या. दाजींनी पट्टीकडे हनुवटीने खूण केली.

"हात फिरव."

रोहिदासने फिरवला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही पट्ट्यांवर.

"मऊ आसा."

"हात निबर आसा तुझो. गाल लाव."

"काय?"

दाजींनी परत हनुवटीने पट्टी दाखवली.

मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. रोहिदासला वाटलं, चालू लागावं. मग त्याला कुंदाचं पोट आठवलं, आणि तो मुकाट्याने गुडघ्यांवर बसला. मान वाकडी करून त्याने काथ्यावर गाल टेकला. खारट वास आला. गाल मऊमऊ वाटला. तो हसणार, एवढ्यात दाजींचा तळवा न्हाव्यासारखा त्याच्या डोक्यावर येऊन बसला.

"आता सरक."

तो सरकला. जेमतेम वीतभर, आणि ताडकन उठला.

मोतीराम विडी टाकून जवळ आला. गेला आठवडाभर रोहिदासच्या बरोबरीने बुडाखाली आडवं पडून त्याने ते ओरखडे भरले होते. त्याने रोहिदासचा गाल बघितला. गालावर तीन लाल रेघा उठल्या होत्या.

"तशेच रे," मोतीराम म्हणाला. "अगदी तशेच."

रोहिदासने चटईचा काठ धरून ओढला. काथ्यातून बारीक वाळू सांडली. शिंपल्यांचा चुरा सांडला. जिथे खिळे ठोकले होते तिथे काथ्या दबून बसला होता आणि खिळ्यांची डोकी वर आली होती. ते त्याने स्वतःच ठोकले होते. बोटीला मऊ लागावं म्हणून ठोकले होते.

त्याला लाज वाटली. इतकी, की वर बघवेना.

"चटई काढतंय," तो अखेर म्हणाला. "खिळे काढतंय. पट्ट्यो घासून धुतंय. झाला मां?"

दाजी उतारावरून खाली पाण्याकडे बघत होते.

"चाका कोरडी कित्याक रे तुझी?"

इथे मात्र रोहिदासची मान परत ताठ झाली. "खारा पाणी गेला तर चाक गंजान धरता, दाजी. आमच्या मरीनात पयलो नियम तो. चाका पाण्याच्या कडेक थांबवची, मगे विंचान बोट वर ओढूची. दोन वर्षा झाली, एक चाक धरूक नाय माझा."

दाजी वाकून चाक न्याहाळू लागले.

"खोटा सांगतंय?"

"शिमग्याक पालखी घेतंस खांद्यार?"

"घेतंय. दर वर्षा."

"खांदो दुखता?"

"दुखता तर. म्हणान देव थोडोच आपटतलंय?"

दाजींनी पायाच्या अंगठ्याने ट्रेलरचं चाक हळूच डिवचलं. कोरडं ठणठणीत होतं. मग ते वळले आणि उंडीकडे चालू लागले.

रोहिदास त्या चाकाकडे बघत राहिला. चाकं कोरडी राहावीत म्हणून दोन वर्षं तो बोट घासत ओढत आला होता. बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"दाजी!" त्याने मागून हाक मारली. "किती खोल न्हेव?"

"बोट सांगतली."

"बोट बोलता?"

"तू गप रवलंस तर."

दुपारी रोहिदास जेवला नाही. चटई उचकटली, एकेक खिळा पक्कडीने ओढून काढला, पट्ट्या तासून घासल्या, विहिरीच्या गोड्या पाण्याच्या बारा बादल्या ओतल्या. मग प्रश्न आला, वर लावायचं काय. तो तडक घरी गेला. ओटीवर दुबईहून आणलेला गालिचा होता. पाहुणा आल्याशिवाय त्याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आईनेसुद्धा नाही. त्याने तो उलगडला, कात्री घेतली आणि उभे दोन तुकडे केले. आई दारात उभी राहून बघत होती. लेकाची तब्येत बरी आहे ना, एवढंच तिने विचारलं.

तुकडे त्याने ताणून बसवले. खिळे मारले ते पट्टीच्या कडेला, जिथे बोट कधी टेकत नाही. मग कुणी सांगितलं नसताना दोन्ही पट्ट्यांवर गाल लावून, डोळे मिटून, तो टोकापर्यंत सरकत गेला. गाल शाबूत राहिला.

चार वाजता भरती आली आणि रेगे मॅडमही आल्या. धक्का माणसांनी भरला होता. पलीकडे खारजुव्याच्या काठावरही माणसं येऊन उभी होती. दाजी तेवढे आले नव्हते.

"चला," मॅडम म्हणाल्या.

मोतीरामने 'सातेरी' उताराच्या तोंडाशी आणली. रोहिदासने ट्रॅक्टर मागे घेतला. चाकं पाण्याच्या कडेला आली आणि त्याचा पाय सवयीने ब्रेकवर गेला.

त्याने पाय उचलला. चाकं ओली झाली. मग अर्धी बुडाली. मग दिसेनाशी झाली. दोन वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली चाकं! त्याचा जीव कासावीस झाला. आणि त्या घाईत ट्रेलर जास्तच खोल गेला. पट्ट्या सापडेनात, बोट त्यांच्या वरून तरंगत आली आणि भरतीने तिची मागची बाजू आडवी फिरवली.

"उंट बुडालो गो!" धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मॅडमनी घड्याळ बघितलं.

रोहिदासची कानशिलं तापली. हात शिवशिवले. विंच अडकवावी, दोर ताणावा, खर्र करून बोट वर घ्यावी, तीन मिनिटांत तोंडं बंद करावीत सगळ्यांची. हात विंचेच्या दांड्यापर्यंत गेलाही. तेवढ्यात गालावरच्या रेघा चुणचुणल्या.

त्याने हात मागे घेतला. ट्रॅक्टर पुढे घेतला, हातभर. थांबला. आणखी हातभर. पट्ट्यांची पुढची टोकं पाण्याखाली जेमतेम दिसायला लागली, तसं त्याने इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं.

कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मोतीरामने बोटीचं नाक पट्ट्यांच्या मध्ये आणलं आणि दोर सैल धरला. एक लाट आली, तिने बोट उचलली, थोडी वर सरकवून पट्ट्यांवर अलगद ठेवली. दुसरी आली, उचलली, ठेवली. रोहिदास श्वास रोखून बघत होता. तिसऱ्या लाटेने बोट थोडी कमी उचलली. चौथीने त्याहून कमी. मग एक लाट नुसतीच बाजूने निघून गेली, आणि बोट हलली नाही.

खर्र झालं नाही. कसलाच आवाज झाला नाही.

दोराचा सैल पडलेला तेवढा भाग रोहिदासने गोळा करून बांधला. इंजिन सुरू केलं आणि बैल चढावर न्यावा तशा सावकाश चालीने ट्रेलर वर घेतला. बुडावरून पाणी निथळत होतं.

रेगे मॅडम बॅटरी घेऊन बोटीखाली शिरल्या. दोन्ही पट्ट्यांच्या कडेने नख फिरवत गेल्या. बाहेर आल्या, चष्मा पुसला, परत शिरल्या.

"पुन्हा उतरवा," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा चढवा."

धक्क्यावर कुणी हसलं नाही. रोहिदासने ट्रेलर पाण्यात नेला, ह्या वेळी न थबकता, आणि वाट बघत बसला. बोटीला कुणी ढकललं नाही. पाणी पुरेसं झालं तशी ती आपणहून उठली आणि बाजूला झाली. परत आली तेव्हाही तशीच, लाटेलाटेने, येऊन बसली.

मॅडमनी पुन्हा बॅटरी मारली. पुन्हा नख फिरवलं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

मग धक्क्यावर जो गलका झाला तो काय सांगावा. 'उंट बुडालो' म्हणून ओरडणाऱ्यानेच नारळ फोडला. मासे निवडणाऱ्या बायकांनी ओल्या हातांनी टाळ्या पिटल्या. मोतीरामने बोटीवर चढून भोंगा वाजवला, लांबलचक, थांबेचना. पलीकडून खारजुव्याच्या माणसांनी हात हलवले. त्यांच्यात एक लाल लुगडं होतं, ते कुंदाचंच, असं रोहिदास धरून चालला. त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

पण तो गलक्यात थांबला नाही. आधी त्याने विहिरीचं गोडं पाणी आणून चारही चाकं धुतली. मग पट्ट्या धुतल्या. मग उंडीकडे निघाला, जवळजवळ धावतच.

दाजी जाळंच सांधत होते.

"दाजी, झाला! दोनदा चढली. एक ओरखडो नाय. दाखलो गावलो!"

दाजींनी मान वर केली. त्याचा गाल बघितला. रेघा फिकट झाल्या होत्या.

"विंच किती फिरवलंस?"

"फिरवूक नाय."

"दोर ओढलंस?"

"सैल होतो तितकोच."

"बोट ढकललंस?"

"नाय."

"मगे केलंस काय?"

रोहिदासने तोंड उघडलं. 'आमच्या मरीनात' ओठांवर आलं, आणि तिथूनच माघारी गेलं. खाली धक्क्यावर मोतीरामचा भोंगा अजून वाजत होता. रोहिदासने खरोखरच विचार केला. सकाळपासूनचं सगळं आठवून बघितलं. मग त्याला हसू आलं, पोटातून आलं, आणि तो उंडीच्या मुळावर मटकन बसला.

"कायच नाय, दाजी. आज चार वाजता मी कायच करूक नाय. नुसतो गप रवलंय."

दाजींनी सुई जाळ्यातून काढली. तिच्यात नवा दोरा ओवला. गाठ मारली.

"मगे उद्या पण ताच कर."