दाजी मेस्तांचा हिरवा रंग

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक लहानसं बंदर होतं, आणि त्या बंदरावर दाजी मेस्त नावाचे एक इंजिनमिस्त्री राहत. बोटीच्या पोटातलं कुठलंही इंजिन असो, दाजी नुसते फळीला कान लावत आणि सांगत, "तिसरो नोजल आजारी हा." उघडून बघावं तर तिसरा नोजल खरोखरच आजारी निघे. चाळीस वर्षांत आपला अंदाज एकदाही चुकला नाही, असं दाजींचं म्हणणं होतं. त्यांना खोटं पाडायला बंदरावर दुसरा मिस्त्रीही नव्हता.

दाजींची एक खोड होती. काम संपलं की ते हिरव्या रंगाचा डबा उघडत आणि इंजिन, नळ्या, पट्ट्या, बोल्ट, जे कुंचल्याला लागेल ते रंगवून काढत. गंजाचा एवढासा ठिपका त्यांना खपत नसे. खलाशी चेष्टेने म्हणत, इंजिनाजवळ फार वेळ बसू नका, दाजी तुम्हालाही रंगवतील. पण हिरवंगार इंजिन दिसलं की बोटीचा मालक निर्धास्त होई. तो रंग म्हणजे दाजींची सहीच होती.

त्या वर्षी मासेमारीची बंदी उठायला चार दिवस उरले असताना द्वारकाबाई तारींची 'सातेरी' ही बोट दाजींच्या हातून सजून पाण्यात उतरली. बोटीवर सुकाणू सांभाळतो तो तांडेल आणि इंजिन सांभाळतो तो ड्रायव्हर. सातेरीचा ड्रायव्हर होता अंकुश सारंग. सात वर्षं तो त्या एकाच इंजिनावर होता. इंजिनाच्या आवाजावरून त्याला भूक लागली की तहान, हे अंकुशला कळायचं.

पहिल्या दिवशी सातेरीने खाडीत एक फेरी मारली. इंजिन छान चाललं. बोट धक्क्याला लागली, अंकुशने इंजिन बंद केलं आणि सगळे जेवायला गेले. जेवून आल्यावर त्याने बटण दाबलं, तर आतून एक 'टक्' झालं आणि सगळं गप्प. इंजिन जागचं हलेना.

दाजींना बोलावणं गेलं. त्यांनी नोजल काढले, इंजिनाचं चाक हाताने फिरवलं, आणि आतून पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर उडाली. ऑइल मोजायची पट्टी ओढली, तर काळ्या ऑइलचा दुधाळ चहा झालेला. इंजिनात पाणी शिरलं होतं!

दाजींनी बोट ओलं करून जिभेला लावलं. पाणी खारट होतं. इंजिनाच्या अंगात गार ठेवायला गोडं पाणी फिरतं, आणि त्या गोड्या पाण्याला गार करायला समुद्राचं पाणी बाहेरून येतं. ते खारं पाणी आपलं काम करून धुराच्या नळीतून धुराबरोबर मागे फेकलं जातं. म्हणजे आतलं झाकण-बिकण फुटून गोडं पाणी शिरलेलं नव्हतं. आलेलं पाणी समुद्राचं होतं. मग लाटेने धुराच्या नळीतून उलटं शिरलं असेल, म्हणून दाजींनी त्या नळीच्या तोंडावर झडप बसवली, इंजिन कोरडं केलं, नवं ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी, पुन्हा जेवण, आणि जेवणानंतर पुन्हा तेच 'टक्'.

आता दाजींचा पारा चढला. धक्क्यावर दहा माणसं जमली होती. त्यांच्यासमोर दाजींनी निकाल देऊन टाकला.

"इंजान माझा बरा हा. ड्रायव्हर सेल्फ मारीत बसता. इंजान चालू होयना तरी बटण दाबून धरूचा, मग पंप पाणी ढकलीत ऱ्हवता, आणि ता बाहेर फेकूक धूर नाय. मग ता आत येयत नाय तर खंय जायत?"

हे कारण अगदी खोटं नव्हतं. असंही घडतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं.

अंकुश म्हणाला, "दाजी, माझा इंजान एका टिचकीत चालू होता. सात वर्षांत दुसऱ्यांदा बटण दाबूची पाळी येवक नाय."

"चाळीस वर्षां मी इंजनां बघतंय. तू माका शिकवतंस?" दाजी म्हणाले, आणि विषय तिथे संपला.

पण बंदराच्या लेखी तो संपला नव्हता. त्या बंदरावर एक जुनी रीत होती. कुणाच्या चुकीने बोट अडली, तर त्याने बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, तळवा लावायचा आणि सगळ्यांदेखत आपली चूक मोठ्याने सांगायची. मग तांडेल त्या हातावर समुद्राचं पाणी ओततो आणि ती गोष्ट मिटते. पुन्हा कुणी ती काढायची नाही. पण चूक सांगितली गेली नाही, तर त्या बोटीतून एकही खलाशी मासेमारीला जात नसे.

बंदी उठायला एक दिवस राहिला. द्वारकाबाईंनी अंकुशला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या बोटीवर अकरा घरांच्या चुली होत्या.

"अंकुश, नाळेक हात लाव नि बोलान टाक. औंदा घरी बस. पुढल्या वर्षाक बघू."

"काकी, जा मी करूकच नाय, ता बोलू कसा?"

बोलायला काय जातं, असं सगळेच म्हणत होते. पण अंकुशचं सगळंच जात होतं. इंजिन बुडवणारा ड्रायव्हर म्हणून एकदा नाव पडलं की त्या किनाऱ्यावर कुठलीही बोट त्याला घेणार नव्हती, आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता. त्याच्या जागी यायला निघालेला माणूस तर आपली पिशवी घेऊन धक्क्यावर येऊन बसलाही होता.

अंकुश धक्क्यावर सगळ्यांदेखत दाजींकडे गेला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दाजी, आज तुम्हीच इंजान चालू करा, तुम्हीच बंद करा. मी बोटीवर पायच ठेवणंय नाय. मगे पाणी इला नाय, तर मी नाळेक हात लावतंय."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. दाजी तणतणत खाली उतरले. तांडेलाबरोबर खाडीत फेरी मारून आले, इंजिन बंद केलं, आणि तिथेच इंजिनाशेजारी मांडी ठोकून बसले. अंकुश वर धक्क्यावर सगळ्यांना दिसेल असा बसला होता. तासाभराने दाजींनी चाक फिरवून बघितलं.

चाक अडकलं.

बटणावरचं बोट त्यांचंच, आणि तरी पाणी आत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आपण बोललो ते खोटं पडलंय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. आता मात्र दाजींमधला खरा मिस्त्री जागा झाला. वर कोण काय म्हणतंय ते त्यांनी कानाआड केलं. इंजिन पुन्हा कोरडं केलं, चालवलं, बंद केलं, आणि या वेळी समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी, जी एरवी सदा उघडी असते, ती बंद करून बघितली. तास गेला. चाक गरगर फिरलं. पाण्याचा थेंब नाही.

म्हणजे पाणी मागून येत नव्हतं. ते पुढच्या दाराने, राजरोस येत होतं, आणि तेही इंजिन बंद असताना! दाजींनी तोटी उघडली आणि नळीला कान लावला. आत बारीक झुळझुळ चालली होती. पंप थांबलेला, इंजिन थांबलेलं, मग हे पाणी ओढतंय कोण?

पिंपातलं डिझेल काढायला आपण नळी तोंडाने एकदा ओढतो. मग ती नळी खाली सोडली की डिझेल आपोआप वाहत राहतं. ते थांबवायचं तर नळीत वारा जायला हवा. इंजिन समुद्राच्या पातळीखाली बसवलेलं असतं, म्हणून तिथेही हाच धोका असतो: इंजिन थांबलं तरी समुद्राचं पाणी वाहत राहतं, धुराच्या नळीत साचतं आणि तिथून इंजिनात उतरतं. तेवढ्यासाठी पाण्याची नळी आधी उंच चढवतात आणि तिच्या माथ्यावर टाचणीएवढं भोक ठेवतात. इंजिन थांबलं की त्या भोकातून वारा आत शिरतो, 'सुर्र' असा आवाज होतो आणि पाण्याची धार तुटते.

दाजींना एकदम जाणवलं की चार दिवसांत हे 'सुर्र' त्यांनी ऐकलंच नव्हतं.

ते उठले. नळीवरून हात फिरवत फिरवत वर गेले. माथ्यावर बोट थांबलं. भोक नव्हतं. तिथे गुळगुळीत, चकचकीत, सुंदर हिरवा रंग होता.

दाजींनी नखाने खरवडलं. रंगाची खपली निघाली आणि भोक 'सुर्र' करून श्वास घ्यायला लागलं. खालची झुळझुळ बंद झाली. दोष सापडला होता! आनंदाने ओरडावं असा तो क्षण, पण दाजींनी ती हिरवी खपली तळहातावर घेतली. ते तिथेच बसले.

वरून अंकुशने हाक मारली, "दाजी, काय गावला काय?"

खाली दुसरं कुणी नव्हतं. खपली एवढीशी, ती खिशात गेली असती. तोटी खराब होती, बदलली, असं सांगून मोकळं होता आलं असतं. कोण येतंय नळीच्या माथ्यावर भोक शोधायला? दाजींच्या मनात हे सगळं येऊन गेलं. मोठा माणूस झाला तरी मन काही लोखंडाचं नसतं. पण तोटीचं नाव घेऊन रीत भागणार नव्हती. नाळेला हात कुणीतरी लावायलाच हवा होता, आणि तो कुणी लावायचा हे दाजींनीच दोन दिवसांपूर्वी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. दाजींना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ते वर आले. नाळेकडे निघाले. लोकांना वाटलं, आता अंकुशला पकडून नाळेशी नेतात. दाजींनी स्वतःचा तळवा नाळेवर ठेवला. इंजिनाच्या गोंगाटावरून बोलायची सवय असलेला आवाज होता तो. सगळ्या धक्क्याला ऐकू गेला.

"आयका सगळ्यांनी! सातेरीच्या इंजनात पाणी गेला ता माझ्या हातान गेला. वाऱ्याचा भोक मी रंगान बुजवलंय. आणि दोष दिलंय अंकुशाक. अंकुशाची काडीची चूक नाय!"

दाजी चुकले हेच लोकांना आधी कळेना. मग तांडेल बालदी घेऊन पुढे आला आणि त्याने दाजींच्या हातावर समुद्राचं पाणी ओतलं. रीतीप्रमाणे गोष्ट मिटली. पिशवीवाला माणूस पिशवी उचलून निघून गेला. द्वारकाबाई अंकुशजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "माझा चुकला, झिला." अंकुशने मान खाली घातली, कारण डोळे भरले होते आणि ते खलाशांना दाखवायचे नव्हते.

मग तो दाजींकडे वळला. "दाजी, सकाळी आमच्या वांगडा येवा. इंजान बाहेर समुद्रात थांबवचा हा. तुमच्या कानांसमोर थांबवतंय."

आता गंमत अशी, की चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दाजींना बोट लागायची. खाडीच्या तोंडापलीकडे ते कधी गेलेच नव्हते. पण त्या दिवशी नाही कसं म्हणणार? सकाळी बंदी उठली. नारळ फुटले, आणि सगळ्या बोटींच्या पुढे सातेरी निघाली. इंजिनाशेजारी दाजी, हातात लिंबू, डोळे मिटलेले.

भर समुद्रात जाळी सोडली आणि अंकुशने इंजिन बंद केलं. 'सुर्र' झालं. दाजींनी एक डोळा उघडला आणि हसले. दोन तास बोट लाटांवर डुलत राहिली. जाळी वर आली तेव्हा खलाशी आरडाओरडा करत होते. सुरमई आली होती, इतकी की बोट पाण्यात हातभर खाली बसली. भरलेली, खाली बसलेली बोट म्हणजेच खरी परीक्षा. आता इंजिन सुरू झालं नाही, तर मासे, माणसं आणि अब्रू सगळं तिथेच.

"दाजी, तुम्ही दाबा बटण," अंकुश म्हणाला.

"मी कित्याक? ड्रायव्हर तू आसस."

अंकुशने बटणावर बोट ठेवलं. एकच टिचकी! इंजिन असं गरजलं की वरचे सगळे एकदम ओरडले. दाजी बोट लागलेली विसरले, लिंबू फेकून शिडीवर चढले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडले, "ड्रायव्हर कोण?"

"अंकुश सारंग!"

संध्याकाळ व्हायच्या आत सातेरी खाडीत शिरली तेव्हाही ते ओरडतच होते. धक्क्यावर उभी असलेली माणसंही मग तेच नाव घेऊन ओरडायला लागली, आणि बोट धक्क्याला लागायच्या आधी अंकुश सारंगचं नाव सगळ्या बंदरावर दुमदुमलं.

तात्पर्य: दोष शोधायला निघालेल्याने स्वतःचा हात तपासायला विसरू नये, आणि चूक तिथेच सापडली तर ती मोठ्याने सांगावी, कारण आपण गप्प असतो तोवर तिचा भार दुसराच कुणी वाहत असतो.