कमळ, पान आणि ठिपका

ऐका बायांनो, मुलाबाळांनो. फार फार जुन्या काळी समुद्राकाठी एक गाव होतं. टेकडीवर देवीचं देऊळ होतं. पुरुष गलबतं घेऊन दूरदेशी निघाले, तेव्हा मागं राहिलेल्या बायांनी व्रत घेतलं. गलबतं परतेपर्यंत देवळातला दिवा विझू द्यायचा नाही. त्याच उजेडावर गलबतं किनारा ओळखत. तेलाची पाळी घरोघर वाटून घेतली.

म्हाळसेचा नवरा गलबतावर होता. तिचा हात सुबक, म्हणून देवळाच्या भिंतीवर पाळीची नावं लिहायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या नावांपुढे तिनं हौसेनं कमळं काढली. रंग कमी पडू लागला, तशी मधल्या नावांपुढे पानं आली. शेवटच्या नावांना नुसते ठिपके पुरले. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पण गावात अक्षरं थोड्यांनाच वाचता येत. कमळ मात्र सगळ्यांना वाचता येई. कमळवाल्या ताठ मानेनं चालू लागल्या. पाणवठ्यावर कुणी चेष्टेनं ‘ठिपकेवाल्या’ म्हणालं, आणि त्या एकेक करून देवळात तेल घालायला यायच्या थांबल्या.

एका संध्याकाळी दिवा मंदावला. पाळी जानकीकाकूंची होती. जाळी विणून पोट भरणारी एकटी बाई. गलबतावर तिचं कुणीच नव्हतं, तरी व्रताला पहिला होकार तिचाच. म्हाळसा धावत तिच्या दारी गेली.

“काकू, तेल संपत आलंय. रागावलात का?”

“रागावू कशाला? ठिपक्याचं तेल ते केवढं असणार, म्हटलं. कमळवालीचं घाला.”

म्हाळसेच्या डोळ्यांत पाणी आलं. रंग कसा संपला ते तिनं सांगितलं. म्हणाली, “सगळ्याच खुणा पुसून टाकते.”

“पुसू नकोस गं. मग एकीचं नाव कुठं संपलं नि दुसरीचं कुठं लागलं, कसं कळायचं? सगळ्यांना सारखी काढ, म्हणजे झालं.” बोलता बोलता काकूंनी तेलाची बुधली उचलली होती.

दुसऱ्या दिवशी म्हाळसेनं भिंत चुन्यानं पांढरी केली. आधी रंग पुरेल ना ते पाहिलं, मग प्रत्येक नावापुढे एकसारखी पणती काढली. खाली दिव्याची रीत लिहिली: काजळी काढा, तेल घाला, वात सारा. तिथं मात्र आकडे घातले, कारण त्यात मागचं पुढं करून चालत नाही.

ठिपकेवाल्या परतल्या. दिवा तेवत राहिला. आणि एका धुकट पहाटे, जानकीकाकू वात सारत असतानाच, गलबतं किनाऱ्याला लागली. म्हाळसेनं नवऱ्याला आधी काकूंच्या पाया पडायला लावलं.

बोध: नावापुढची खूण इवलीशी असली तरी माणूस तिच्यात आपलं मोल वाचतो, म्हणून बरोबरीच्यांना खूणही बरोबरीची द्यावी.