दादाची सोंड

सावकाश शिकलो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं? हे मी सगळ्यांना विचारलं.

पुष्कळ वर्षं झाली. मेंदूसारखं शिकणारं एक यंत्र होतं. त्यात दादा आणि मी, दोघे भाऊ, शेजारीशेजारी बसवलेले इवलेसे चुंबक होतो. विजेचा हलका धक्का बसला की आम्ही केसभर कलायचो आणि असं कलत कलतच शिकायचो. यंत्राला हत्ती ओळखायचा होता. सोंड दादानं लक्षात ठेवायची, शेपूट मी.

यंत्र बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर धक्के देणाऱ्या बॅटरीमावशींना घाई सुटली. "शंभर धक्के कशाला? एकच सणसणीत देते!"

"मावशी, तेवढ्यानं मी जळेन हो," दादा म्हणाला.

"मेंदूचं काम मिळालंय ना? मग डोकं चालवू नकोस," यंत्राला वारा घालणारे पंखेकाका म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

धक्का दादाला बसला. दादा लालबुंद झाला आणि निवला तेव्हा नुसतं लोखंड उरलं होतं. यंत्राला फक्त शेपूट आठवलं, म्हणून त्यानं हत्तीला उंदीर म्हटलं. पाहुण्यांना जेवायची घाई होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या गळ्यात हार पडला. "गुणी होता हो, पण नाजूक," म्हणत त्यांनी डोळे पुसले. हार तेवढा काढला नाही.

मग मी कुणालाच विचारलं नाही. त्यांचा हत्ती बिनशेपटीचा राहिला तर राहू दे. पुढच्या धक्क्याला मी शेपूट सोडून दिलं, आणि दादा जिकडे कलायचा तिकडे, तेवढाच कलून, त्याची सोंड धरून ठेवली.