तीन दगडांची चूल

एकदा एका गावाखालची जमीन हलली, आणि घरांबरोबर गावातल्या सगळ्या चुली मातीखाली गेल्या. माणसे बहुतेक वाचली, एवढेच नशीब.

जवळच्या आश्रमातल्या वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याला तिकडे धाडले. शिष्य हुशार, कष्टाळू आणि स्वतःवर थोडा खूश. त्याने चिंचेखाली मोठी सामाईक चूल मांडली, राजाकडून धान्य आणवले आणि दोन वेळच्या पंगती सुरू केल्या. आधी पुरुष, मग म्हातारी माणसे, शेवटी वाढून दमलेल्या बाया. आपल्याकडे पंगतीचा क्रम भूकंपानेही हलत नाही. "कुणी उपाशी राहायचं नाही," असे शिष्य रोज बजावी आणि कुणी राहतही नव्हते.

तरी तान्ही-लहान मुले वाळत चालली. यमुना नावाच्या बाईची चिंगी दोन वर्षांची. तिच्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी सैल होऊन गळून पडली. शिष्याने काढे दिले, पंगतीत खीर वाढली. खिरीने मोठी माणसे तेवढी तुकतुकीत झाली. चिंगीने मात्र रडणेही सोडले. रडणारे मूल परवडले. हे गप्प मूल पाहून शिष्य पार घाबरला आणि त्याने गुरूंना निरोप धाडला.

वैद्य आले. त्यांनी चिंगीची नाडी पाहिली, पोट चाचपले आणि औषध काहीच दिले नाही. दुपारी मानाचा पाट नाकारून ते शेवटची पंगत बसेपर्यंत चिंचेला टेकून उभे राहिले. यमुनेच्या पुढ्यात ताट आले तेव्हा चिंगी मांडीवर झोपी गेली होती. आईने उठवून दोन घास भरवले, तिसऱ्याला पोर पुन्हा पेंगली. यमुना हात धुऊन पुन्हा ढिगारा उपसायला गेली.

संध्याकाळी वैद्यांनी घागर उचलली आणि पेटत्या चुलीत ओतली.

"गुरुजी, लेकरं मरणाला टेकलीत आणि आपण चूल विझवता?" शिष्याचा आवाज चढला होता.

"तुझी चूल मोठ्यांची आहे, बाळा," वैद्य म्हणाले. "लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं. दोन वेळा ताट भरलंस, तरी त्यात मावणार किती? घरी ही पोर कधी ताटावर बसत होती? आई भाकरी थापताना एक तुकडा, दुरडीतून एक, शेजारणीकडे एक, अशी दिवसभर चरत होती. ते कुणी जेवण म्हटलं नाही, म्हणून ते बंद पडलेलं कुणाला कळलं नाही. पडलेली घरं तू पाहिलीस. आई दिवसभर लांब, शेवटच्या पंगतीला तीही अर्धमेली, पाणी उकळून द्यायला विस्तव नाही, हेही पडझडीतच धरायचं असतं."

 शिष्याने स्वतःच दगड गोळा करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यांशेजारी उभारलेल्या प्रत्येक पालापुढे तीन दगडांची चूल पेटली. धान्य कुटुंबागणिक वाटले गेले. लहान मुलांच्या आयांना ढिगाऱ्याच्या कामातून मोकळे केले आणि त्यांची फावडी पुरुषांनी, शिष्यानेही, उचलली. तो मात्र उठल्यासुटल्या चिंगीचा दंड चाचपून पाही. "पी हळद अन् हो गोरी असं नसतं रे," वैद्य हसून म्हणत.

पुढच्या अमावास्येनंतर एका सकाळी यमुनेने शिष्याला वाटेतच अडवले.

"महाराज, जरा दटावा हिला. मी चुलीपाशी बसले की दुरडी रिकामी करती. धन्याला काय वाढू?"

शिष्याला दटावणे जमेना. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि डोळे भरून आले होते. तो चिंगीसमोर मातीतच बसला आणि तिचा दंड पाहायला त्याने हात पुढे केला. चिंगीने त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि हातातली भाकरी पाठीमागे लपवली.