दातांचा व, ओठांचा व

“...पण सर, खालच्या ओठाला वरचे दात टेकवायला असं काय मरण येतं या लोकांना?”

सुधन्वाने कपाळावर हात मारून घेतला. मिरजेत त्याचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास होता. आपल्याइतका तिखट कान अख्ख्या पंचक्रोशीत नाही, अशी त्याची ठाम समजूत. आता मात्र गडी मेटाकुटीला आला होता.

समोर आरामखुर्चीत रणभिसे सर पडले होते. सुधन्वाला उच्चार शिकवले ते यांनी, आणि शिकताना चार घास घातले ते यांच्या पत्नी मालनबाईंनी. आज सरांची दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. सुधन्वाचं तिकडे लक्षच नव्हतं.

“व्हीला दात लागतात, डब्ल्यूला नुसता ओठांचा चंबू. आपला मराठी व दोन्हीकडे चालत नाही. घसा फोडून सांगितलं सर. पालथ्या घड्यावर पाणी!”

“कुणाला सांगितलंस?”

“रेश्मा तांबोळीला. नर्स आहे. परवा तिची मुलाखत आहे, परदेशातल्या हॉस्पिटलची. घरची सगळी तोंडं तिच्या जिवावर. आणि आता ती बोलायचीच बंद झालीय हो! काही विचारलं की खाली मान. मी तरी काय करू?”



सरांनी तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि शेजारच्या वाटीत ठेवली. गाल खपाटीला गेले. आणि सर संथपणे इंग्रजीत बोलायला लागले.

“मालन इज वेरी इल...”

टक्.

सुधन्वाचं पेन स्टुलावर वाजलं. क्लासात कुणी चुकलं की ते असंच वाजायचं.

सर थांबले. पुन्हा म्हणाले, “आय हॅव नॉट स्लेप्ट...”

टक्.

सर गप्प झाले.

सुधन्वाने जीभ चावली. “माफ करा सर, सवय हो मेली! बोला ना पुढं.”



सरांनी कवळी पुसून पुन्हा बसवली. “मी काय सांगितलं?”

“व्हेरीला दात लागले नाहीत. हॅव्हलाही...”

“ते राहू दे. सांगितलं काय?”

सुधन्वाने आठवून पाहिलं. दोन्ही व कानात जसेच्या तसे होते. बाकीचं काही केल्या आठवेना. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

“सर... परत सांगता?”

सरांनी डोळे मिटून घेतले.

“मी दमलोय रे बाळा... तू आधी रेश्माकडं जा. तीही काहीतरी सांगत होती.”