हसणारे खांब

डोंगरांनाही नीट आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एक गाव होते. तिथे लग्ने भर उन्हात लागत. एकदा राजाने खूश होऊन गावाला मंडपासाठी दगड दिला, पण बजावले, "हा दगड एकदाच मिळेल. वाया घालवलात तर पुन्हा मागू नका."

काम एका गवंड्याकडे आले. तो पाटलांकडे गेला. "मंडप कसा हवा?"

"राजवाड्यासारखा! खांबच खांब हवेत," पाटील म्हणाले. "येत्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचे लग्न त्यातच लागेल."

भटजींनी उंच चौथरा मागितला, आचाऱ्याने मोठी चूल. गवंडी ऐकत गेला आणि घाबरत गेला. एकदा फोडलेला दगड पुन्हा सांधता येत नाही. चूक झाली तर गाव कायमचे उन्हातच राहणार होते.

शेवटी त्याने माळावर चुन्याने पाटलांच्या मनातला मंडप आखला. खांबांच्या जागी तरुण पोरे उभी केली आणि गावाला हाक दिली, "चला, आज खोटे खोटे लग्न लावू!"

सगळे हसत जमले. कुणी तोंडानेच सनई वाजवली. बाहुला-बाहुलीवर अक्षता पडल्या आणि रिकाम्या पत्रावळींवर पंगत बसली. पाटलीणबाई वाढायला निघाल्या, तर एक खांब आडवा आला. त्याला चुकवले, तर दुसरा. त्या खांबाला हसू फुटले.

"गप रे! खांब कधी हसतो होय?" म्हणत त्या वळल्या, आणि त्यांचा पाय थेट पाटलांच्या पत्रावळीवर पडला.

"अगं, वरणात पाय दिलास!"

"मग मी चालू कुठून? इथे माणसं जेवायची आहेत की खांब?"

पंगत खदखदून हसली. पाटील आधी फुगले, मग त्यांनाही हसू आवरेना. "निघा रे खांबांनो, कडेला व्हा!" ते ओरडले. "पण गवंडीदादा, छताचे काय?"

"लांब तुळया टाकू. कडेचे खांब छत पेलतील," गवंडी म्हणाला. त्याची भीती कुठल्या कुठे पळाली होती. त्याने जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. पुन्हा पंगत बसली, आणि पाटलीणबाई झपझप वाढत गेल्या.

मगच दगडाला छिन्नी लागली. पाटलांच्या लेकीचे लग्न गार सावलीत लागले, आणि शेवटच्या पंगतीलाही गरम भात मिळाला.

म्हणून लहानथोरहो, मागणी कानांनी ऐकावी, गरज डोळ्यांनी पाहावी, आणि मगच पाया खणावा.