पाणवठ्यावरचे दोन दगड

ज्या वर्षी बांबूला फुलोरा आला, त्या वर्षीची ही गोष्ट. तसा फुलोरा मी जन्मात दोनदाच पाहिला. हा पहिला.

आमच्या जंगलात एकच पाणवठा होता. काठावर टिटवी बसायची. कुणी आलं की म्हणायची, "ये गं, पी. पोरं बरी ना?" वाघ दिसला की ओरडायची. पाणी कसं प्यायचं हे तेव्हा कुणाला शिकावं लागत नसे.

त्या वर्षी वाघमहाराजांनी सभा घेतली. "रयतेनं टिटवीपुढे का ताटकळावं? आपला पंजा, आपलं पाणी!" माकडांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीला मानपत्र देऊन घरी बसवलं. कोल्ह्यानं पाणवठ्याला काटेरी कुंपण घातलं आणि दारात दोन दगड बसवले. वर पाटी: 'आपल्या घराचा पत्ता महाराजांना कळवायचा का?' डावीकडचा दगड मोठा, गुळगुळीत, उन्हात चमकणारा: 'होय'. उजवीकडे शेवाळात सुपारीएवढा: 'नंतर'. एक तरी दाबल्याशिवाय दार उघडत नसे.

भुरी सशीण बघतच राहिली. "कोल्होबा, 'नाही'चा दगड कुठाय?"

"वहिनी, नकारानं मन खिन्न होतं. आम्ही चाचणी घेतली ना."

"कुणावर?"

"वाघांवर."

भुरीची चार पिल्लं करवंदीच्या जाळीत होती. दूध उतरायचं तर पाणी हवंच. ती रोज उजवीकडचं 'नंतर' दाबायची, घाईनं प्यायची, पळायची. पंधरा दिवसांत पायाला अशी सवय झाली की पाटीकडे बघणंही सुटलं.

मग एका सकाळी सुधारणा झाली. समानतेचं धोरण म्हणून दोन्ही दगड एका मापाचे, एका रंगाचे केले. जाता जाता त्यांच्या जागाही बदलल्या.

भुरीनं सवयीनं उजवा दगड दाबला. दारावरच्या माकडानं तिच्यावर फुलं उधळली. "अभिनंदन! पत्ता पोचला!"

"अरे मेल्या, चुकून पाय पडला! परत दे पत्ता!"

"मिळेल की," कोल्हा म्हणाला. "सात दगड दाबायचे, कारण लिहायचं, एकवीस दिवस थांबायचं. तोवर पत्ता चालू राहील."

एवढ्यात टेकाडावरून टिटवी ओरडली. नोकरी गेली तरी तिची सवय गेली नव्हती. भुरी जीव घेऊन धावली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं ओढ्यापलीकडे नेलं. तिसरं ठेवून परतली, तेव्हा जाळीपाशी महाराज मिशा चाटत होते. शेजारी माकड पाटी धरून उभं होतं: 'महाराजांची भेट कशी वाटली? चार फुलं की पाच?'

भुरीनं पाटीला लाथ घातली. माकडानं पाच फुलं नोंदवली, कारण पाय लागला होता.

पुढे कोल्हा शेजारच्या तीन जंगलांचा सल्लागार झाला. माकडाला बढती मिळाली. टिटवी शांतताभंगाबद्दल तडीपार झाली. वारा इकडे वाहत असला की नदीपलीकडून तिची ओरड अजून ऐकू येते. भुरी म्हातारी होऊन गेली. तिची तिन्ही पिल्लं कुठेही पाय ठेवण्याआधी दोनदा बघतात, म्हणून त्यांना मागासलेली म्हणतात.

महाराज तेच आहेत. दर पाच वर्षांनी निवडणूक होते, 'महाराज हवेत का?' असं विचारतात, दोन दगड असतात. 'नाही'चा दगड मागितला की सांगतात, पुढच्या सुधारणेत येतोय.

बांबू दुसऱ्यांदा फुलून गेला. सुधारणा चालू आहे.